नॉर्डिक देश : तडजोडीचे राजकारण आणि विश्वासाची किंमत

सुखी देशांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या की डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड ही नावे हमखास वरच्या क्रमांकावर दिसतात. 'जागतिक आनंद अहवाला'त तर २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे फिनलंड पहिल्या स्थानावर राहिला. मोफत शिक्षण, सर्वांना परवडणारी आरोग्यसेवा, बापालाही मिळणारी बालसंगोपनाची रजा आणि सायकलवरून कचेरीत जाणारे मंत्री एवढ्यावर या देशांची ओळख सहसा आटोपते. मात्र ही व्यवस्था कोणा एका नेत्याने वा एका पक्षाने आखून दिलेली नाही. दारिद्र्य, दुष्काळ, संप आणि गोळीबार यांतून वाट काढत, एकमेकांवर विश्वास नसलेल्या गटांनी केलेल्या करारमदारांतून ती उभी राहिली. या विश्वासाच्या वर्तुळात कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही या देशांच्या राजकारणाचा तोच कळीचा मुद्दा आहे.

पाच देश, तीन स्वायत्त प्रदेश

'स्कँडिनेव्हिया' आणि 'नॉर्डिक' हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. काटेकोरपणे पाहता डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे तीन देश म्हणजे स्कँडिनेव्हिया. त्यांत फिनलंड व आइसलँड मिळवले की नॉर्डिक समूह पूर्ण होतो. ग्रीनलंड आणि फॅरो बेटे हे डेन्मार्कच्या राजसत्तेखालील, तर ओलांड बेटे हा फिनलंडमधील स्वायत्त प्रदेशही याच समूहात मोडतो. या सर्वांची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथे आजही राजे आहेत. मात्र सत्ता निर्वाचित संसदेच्या हाती आहे. फिनलंड आणि आइसलँड ही प्रजासत्ताके आहेत. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या भाषा परस्परांना बऱ्याच अंशी समजतात. आइसलँडची भाषा त्यांच्याच कुळातील, पण जुने रूप टिकवून असलेली. फिनिश भाषा मात्र सर्वस्वी वेगळ्या, फिनो-उग्रिक कुळातील आहे. उत्तरेकडील सामी या आदिवासी समाजाच्या भाषा त्याच कुळातल्या आहेत, तर ग्रीनलंडची भाषा इनुइट कुळातील आहे.

इतिहासाने हे देश एकमेकांत गुंतलेले आहेत. १३९७ च्या काल्मार संघाने तिन्ही स्कँडिनेव्हियन राज्ये एका छत्राखाली आणली. १५२३ मध्ये स्वीडन त्यातून फुटून निघाला. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कशी आणि नंतर १९०५ पर्यंत स्वीडनशी जोडलेला होता. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनचा भाग होता. पुढे तो रशियाच्या झारच्या अमलाखाली गेला व १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक बनले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर हा सारा प्रदेश ल्यूथरपंथी झाला. प्रत्येकाला धर्मग्रंथ वाचता आला पाहिजे, या आग्रहामुळे येथे साक्षरता युरोपातील इतर अनेक भागांच्या आधी पसरली.

दारिद्र्यातून वाटचाल

आज श्रीमंत असलेले हे देश एकोणिसाव्या शतकात युरोपच्या गरीब टोकाला होते. १८६६ ते १८६८ या काळातील दुष्काळात फिनलंडची सुमारे आठ टक्के लोकसंख्या मृत्युमुखी पडली. १८५० ते १९३० या ऐंशी वर्षांत स्वीडनमधून सुमारे तेरा लाख लोकांनी पोटासाठी देश सोडला. त्यांतील बहुतेक अमेरिकेत गेले. नॉर्वेतूनही लाखो लोक असेच बाहेर पडले. परदेशी स्थलांतरितांविषयी आज या देशांत होणाऱ्या वादाला ही पार्श्वभूमी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

बदलाची सुरुवात गावांतून झाली. धर्मोपदेशक, कवी आणि विचारवंत ग्रुंट्विग यांच्या कल्पनेतून डेन्मार्कमध्ये १८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी एकत्र राहावे, इतिहास, भाषा आणि सार्वजनिक प्रश्न यांवर बोलावे, असे या शाळांचे स्वरूप होते. १८८२ मध्ये पश्चिम डेन्मार्कमधील येडिंग येथे पहिली सहकारी दूधडेअरी सुरू झाली. धान्याच्या जागतिक किमती कोसळल्यावर डॅनिश शेतकरी दूध, लोणी आणि डुकराचे मांस यांकडे वळले आणि सहकारी डेअऱ्यांचे जाळे देशभर पसरले. या संस्थांमध्ये दोन गायींच्या मालकाला आणि पन्नास गायींच्या मालकाला प्रत्येकी एकच मत होते. सहकाराच्या गुणदोषांशी पिढ्यान् पिढ्या परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या एका नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सभा घेणे, हिशेब तपासणे, विरोधी मत ऐकून घेणे या सवयी लोकशाहीच्या आधीच गावात रुजल्या, त्या अशा.

संपाकडून समझोत्याकडे

कामगार आणि मालक यांचे संबंध मात्र दीर्घकाळ कटू होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत स्वीडन व नॉर्वे हे संप आणि टाळेबंदी यांत जगातील आघाडीचे देश मानले जात. १४ मे १९३१ रोजी स्वीडनमधील ओडालेन येथे मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. फिनलंडने तर १९१८ मध्ये 'लाल' आणि 'पांढरे' यांच्यातील रक्तरंजित यादवी युद्ध अनुभवले. त्याच्या जखमा कित्येक दशके भरल्या नाहीत.

जर्मनीत नाझी सत्तेवर येत असताना, १९३३ च्या जानेवारी महिन्यात डेन्मार्कमध्ये सोशल डेमोक्रॅट आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांनी पंतप्रधानांच्या घरी रात्रभर बसून करार केला. कामगारांना सामाजिक विमा आणि शेतकऱ्यांना चलनाच्या अवमूल्यनासह आर्थिक साह्य, असा तो सौदा होता. त्याच वर्षी स्वीडनमध्येही तसाच समझोता झाला. विरोधकांनी त्याला 'गायींचा सौदा' म्हणून हिणवले; पण लोकशाही टिकवणारा करार म्हणूनच त्याची इतिहासात नोंद झाली. नॉर्वेत १९३५ मध्ये आणि स्वीडनमध्ये १९३८ साली साल्टशोबाडेन येथे मालक व कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांनी मूलभूत करार केले. सरकारने कायदा करून हस्तक्षेप करण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी वेतन आणि वाद आपापसात मिटवावेत, हे त्यांचे सूत्र होते.

हे सूत्र आजही टिकून आहे. या देशांत सर्वांना लागू होणारे किमान वेतन कायद्याने ठरलेले नाही, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. वेतनाचे दर प्रत्येक उद्योगातील सामूहिक करारांतून ठरतात. डेन्मार्कमध्ये कामगाराला कामावरून कमी करणे तुलनेने सोपे आहे. मात्र काम गेलेल्यास बेकारी भत्ता आणि नव्या कामाचे प्रशिक्षण मिळते. नोकरीपेक्षा माणसाला संरक्षण द्यायचे, असा हा विचार आहे.

कल्याणकारी राज्याची घडण

स्वीडनचे सोशल डेमोक्रॅट नेते पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये 'लोकांचे घर' ही कल्पना संसदेत मांडली. चांगल्या घरात कोणी लाडका नसतो आणि कोणी सावत्र नसतो, तसा देश असावा, असा त्यांचा आशय होता. १९३२ पासून १९७६ पर्यंत, १९३६ च्या उन्हाळ्यातील काही महिने वगळता, स्वीडनमध्ये याच पक्षाचे पंतप्रधान होते.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे लाभ केवळ गरिबांसाठी नसतात. बालभत्ता, शिक्षण, आरोग्यसेवा आणि निवृत्तिवेतन यांवर श्रीमंतांचाही हक्क असतो. मध्यमवर्गालाही त्याच शाळेत आणि त्याच रुग्णालयात जावे लागत असल्याने सेवेचा दर्जा राखण्याचा दबाव राहतो आणि कर भरण्याची तयारीही टिकते. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना बाळंतविड्याची पेटी देण्यास सुरुवात झाली. १९४९ पासून ती सर्वच मातांना मिळू लागली. शाळेतील मोफत दुपारच्या जेवणाचा कायदा तेथे १९४३ मध्ये झाला आणि १९४८ पासून तो पूर्णतः अमलात आला.

याची किंमत अर्थातच मोठी आहे. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे येथे मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे. फिनलंडने तो सप्टेंबर २०२४ मध्ये साडेपंचवीस टक्के केला. हा कर गरीब-श्रीमंत सारेच भरतात. म्हणजेच केवळ श्रीमंतांवर कर बसवून हे राज्य चालते, हा समज बरोबर नाही. पैशाचा मोठा भाग नगरपालिका आणि प्रादेशिक परिषदांच्या हाती असतो. शाळा, पाळणाघरे आणि वृद्धांची सेवा या गोष्टी त्याच चालवतात. त्यामुळे कराचा पैसा कुठे गेला, हे नागरिकाला आपल्या गल्लीत दिसते.

हे देश समाजवादी आहेत, हाही तसाच एक गैरसमज. येथील उद्योग प्रामुख्याने खासगी आणि निर्यातप्रधान आहेत. एसकेएफ, सँडविक, आल्फा लाव्हाल, अ‍ॅटलास कॉप्को ही मूळची स्वीडिश नावे पुणे-पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याला कित्येक दशकांपासून परिचित आहेत. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडन आणि फिनलंड गंभीर आर्थिक संकटात सापडले. चलन वाचवण्यासाठी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर १९९२ मध्ये व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला होता. त्यानंतर निवृत्तिवेतन योजना बदलली, खर्चावर मर्यादा आल्या आणि खासगी शाळांना सरकारी पैसा देण्यास सुरुवात झाली. पुढे स्वीडनने वारसा कर आणि संपत्ती करही रद्द केले. आज स्वीडनमध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या शाळा आणि वाढती संपत्तीची विषमता हे वादाचे विषय आहेत.

नॉर्वेचे तेल

१९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रातील एकोफिस्क येथे मोठा तेलसाठा सापडला आणि नॉर्वेचे नशीब पालटले. मात्र तेलाने अनेक देशांत भ्रष्टाचार आणि महागाई आणली, तसे तेथे घडले नाही. तेल ही राष्ट्राची संपत्ती असल्याचे संसदेने प्रारंभीच स्पष्ट केले आणि १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनी स्थापन केली. १९९० च्या कायद्याने एक निधी निर्माण झाला व १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम जमा झाली. हा निधी केवळ परदेशांत गुंतवला जातो. जगातील शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या सुमारे दीड टक्का समभागांची मालकी त्याच्याकडे आहे. निधीच्या अपेक्षित वास्तव परताव्याएवढीच, म्हणजे २००१ च्या नियमानुसार चार टक्के आणि २०१७ पासून तीन टक्के, रक्कम सरकारने दीर्घकालीन सरासरीने खर्च करावी, असे बंधन आहे. पुढच्या पिढ्यांचा वाटा आजच्या मतदाराने खाऊ नये, हा त्यामागील हेतू. तरीही, घरात जलविद्युत आणि विजेवरच्या मोटारी वापरणारा देश जगाला तेल व वायू विकून श्रीमंत होतो, या विसंगतीवर नॉर्वेतच सतत टीका होते.

स्त्रियांचा वाटा

स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा असे दोन्ही हक्क देणारा पहिला युरोपीय प्रदेश म्हणजे फिनलंड. १९०६ मध्ये हा निर्णय झाला तेव्हा तो रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. पुढच्याच वर्षी १९ स्त्रिया संसदेत निवडून गेल्या. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एक दिवस बंद ठेवले. कारखाने, शाळा, दूरध्वनी सेवा ठप्प झाल्या. मुलांना घेऊन बाप कामावर गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, विगदीस फिन्बोगादोत्तिर थेट लोकमताने निवडून आलेल्या जगातील पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष ठरल्या. नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या १९८६ च्या मंत्रिमंडळात १८ पैकी आठ मंत्री स्त्रिया होत्या.

आंदोलनाइतकेच महत्त्व कायद्यांच्या तपशिलाला आहे. स्वीडनने १९७१ मध्ये पती-पत्नीच्या उत्पन्नावर स्वतंत्र कर आकारण्यास सुरुवात केली. त्यामुळे पत्नीच्या पगारावर पतीच्या चढ्या दराने कर बसणे थांबले आणि स्त्रियांनी नोकरी करणे किफायतशीर झाले. १९७४ मध्ये मातृत्व रजेचे रूपांतर पालक रजेत झाले. प्रत्यक्षात मात्र बाप ती रजा घेत नसत. म्हणून नॉर्वेने १९९३ मध्ये केवळ बापासाठी राखीव हिस्सा ठेवला. त्याने तो घेतला नाही तर तो वाया जातो. स्वीडनने १९९५ मध्ये हाच मार्ग धरला. आज स्वीडनमध्ये ४८० दिवसांच्या सशुल्क रजेपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. एवढे करूनही परिचारिका, शिक्षिका, पाळणाघरातील सेविका या कामांत स्त्रियांचीच गर्दी आहे आणि त्या कामांचे वेतनही कमी आहे.

लोकपालाचे मूळ

स्वीडनने १७६६ मध्ये छपाई स्वातंत्र्याचा कायदा केला आणि सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क नागरिकाला दिला. माहिती अधिकाराचा हा जगातील पहिला कायदा मानला जातो. १८०९ च्या राज्यघटनेने 'ओम्बुड्समन' हे पद निर्माण केले. अधिकारी आणि न्यायाधीश कायद्यानुसार वागतात की नाही, यावर संसदेच्या वतीने नजर ठेवणारा हा अधिकारी. फिनलंडने १९१९ च्या राज्यघटनेत आणि डेन्मार्कने १९५० च्या दशकात ही पद्धत स्वीकारली व तेथून ती जगभर पोहोचली.

भारतातील लोकपालाचे मूळ येथेच आहे. 'लोकपाल' हा शब्द १९६३ मध्ये खासदार एल. एम. सिंघवी यांनी सुचवला. प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त यांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ मध्ये लोकायुक्त नेमले आणि अशी यंत्रणा प्रत्यक्षात आणणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. केंद्रीय लोकपालासाठी मात्र अण्णा हजारे यांचे २०११ चे उपोषण, २०१३ चा कायदा आणि २०१९ मधील पहिली नियुक्ती अशी दीर्घ प्रतीक्षा करावी लागली. दुसरा धागा बोफोर्सचा. भारताशी १९८६ मध्ये झालेल्या तोफांच्या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त १६ एप्रिल १९८७ रोजी प्रथम स्वीडिश नभोवाणीनेच दिले. पारदर्शक म्हणून गौरवल्या जाणाऱ्या देशातील कंपनी परदेशात लाच देते आणि त्याच देशातील पत्रकार ते उघडकीस आणतात, या दोन्ही बाबी ध्यानात घेतल्या तरच चित्र पूर्ण होते.

साहित्य, रंगभूमी आणि जीवनरीत

या प्रदेशाशी महाराष्ट्राचा एक जुना सांस्कृतिक दुवा रंगभूमीचा आहे. 'नाट्यमन्वंतर' संस्थेने १९३३ मध्ये रंगमंचावर आणलेले श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक नॉर्वेचे ब्योर्नस्टिअर्न ब्योर्नसन यांच्या नाटकावर बेतलेले होते. स्त्रीकडून ज्या चारित्र्याची अपेक्षा केली जाते, ती पुरुषाकडून का नाही, असा प्रश्न विचारणाऱ्या या नाटकापासून मराठी रंगभूमीवर वास्तववादाचे नवे पर्व सुरू झाले, असे मानले जाते. ब्योर्नसन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचे समकालीन हेन्रिक इब्सेन यांच्या १८७९ मधील 'डॉल्स हाउस'चे अनंत काणेकर यांनी 'घरकुल' या नावाने मराठी रूपांतर केले. घर सोडून जाणारी नोरा नॉर्वेत जितकी वादग्रस्त ठरली, तितकीच तिने मराठी मध्यमवर्गालाही अस्वस्थ केले.

फिनलंडमध्ये लोकगीतांतून संकलित झालेले 'कालेवाला' हे महाकाव्य १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फिनिश भाषेला राष्ट्रभाषेची प्रतिष्ठा मिळाली. समाजजीवनातील समतेची ओढ भाषेतही दिसते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अहो-जाहो' मागे पडून सर्वांना एकेरी संबोधण्याची रीत रूढ झाली. मीच विशेष आहे असे समजू नये, ही वृत्ती लेखक आक्सेल सांदेमोसे यांनी १९३३ च्या कादंबरीत 'यांटेचा नियम' म्हणून उपहासाने मांडली. बडेजाव नको, हा तिचा गुण. वेगळे दिसणाऱ्यास दाबणे, हा तिचा दोष.

उजेडामागची सावली

'लोकांचे घर' बांधताना काहींना घराबाहेर ठेवले गेले. स्वीडनमध्ये १९३४ च्या कायद्यानंतर १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार व्यक्तींची नसबंदी झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेकींची संमती दबावाखाली घेतलेली होती. 'अक्षम' माणसांची संतती कल्याणकारी राज्यावर भार ठरेल, हा विचार त्यामागे होता. १९९९ मध्ये सरकारने भरपाईचा कायदा केला. ग्रीनलंडमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत डॅनिश आरोग्य यंत्रणेने हजारो स्त्रिया व मुलींना, अनेकदा त्यांना न विचारता, गर्भनिरोधक साधने बसवली. त्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी २०२५ मध्ये माफी मागितली.

सामी समाजाची कथाही अशीच आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विभागलेल्या या समाजाच्या मुलांना शाळेत मातृभाषा बोलण्यास बंदी होती. नॉर्वेतील आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध १९७९ ते १९८१ या काळात सामींनी उपोषणे व सत्याग्रह केले. धरण झाले, पण त्या लढ्यातून १९८९ मध्ये नॉर्वेत सामी संसद अस्तित्वात आली. १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी शासनाच्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. तरीही प्रश्न संपला नाही. फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने सामी पशुपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवस उलटले तेव्हा, २०२३ च्या प्रारंभी, सामी तरुणांनी ओस्लोतील मंत्रालये अडवली. अखेर २०२४ पर्यंत पशुपालकांशी समझोते झाले. हरित ऊर्जा हवी, पण ती कोणाच्या कुरणावर, हा प्रश्न आता साऱ्या उत्तर भागात विचारला जात आहे.

राज्यावरील विश्वासाची दुसरी बाजू भारतीयांनीही अनुभवली. २०११ मध्ये नॉर्वेच्या बालकल्याण यंत्रणेने स्टाव्हांगर येथील एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली. राजनैतिक पातळीवरील प्रयत्नांनंतर २०१२ मध्ये ती भारतात परतली. २०२३ चा 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' हा हिंदी चित्रपट या घटनेवर आधारलेला आहे. मुलाला आई-बापापासूनही संरक्षण मिळण्याचा स्वतंत्र हक्क आहे, ही या यंत्रणेची भूमिका. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर जगात प्रथम बंदी घातली, ती याच विचाराने. परंतु कुटुंब कायमचे तोडण्याची घाई होते, असा आक्षेप नॉर्वेतील नागरिकही घेत होते आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ च्या एका महत्त्वाच्या निकालासह अनेक प्रकरणांत नॉर्वेला दोषी ठरवले.

स्थलांतराचा पेच

२०१५ या एका वर्षात स्वीडनमध्ये सुमारे एक लाख ६३ हजार लोकांनी आश्रय मागितला. लोकसंख्येच्या प्रमाणात ही संख्या युरोपात सर्वांत मोठ्या संख्यांपैकी एक होती. वर्षअखेरीस सरकारने दारे बरीचशी बंद केली. स्थलांतरितांच्या वस्त्या, बेकारी आणि तरुणांच्या टोळ्यांतील गोळीबार हे निवडणुकीचे मुद्दे बनले. नवनाझी गटांशी मुळे जोडलेला स्वीडन डेमोक्रॅट्स हा पक्ष २०२२ च्या निवडणुकीत साडेवीस टक्के मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्याच्या पाठिंब्यावर उजव्या पक्षांचे सरकार बनले. डेन्मार्कमध्ये तर सोशल डेमोक्रॅट पक्षानेच कठोर स्थलांतर धोरण स्वीकारून २०१९ मध्ये सत्ता मिळवली. सर्वांना समान लाभ द्यायचे तर सीमा घट्ट हव्यात, असे एका बाजूचे म्हणणे. वंशावरून माणसांची वर्गवारी करणारे राज्य समतेचा दावा करू शकत नाही, असे दुसरीचे. द्वेषाचे टोक २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत दिसले. ओस्लोतील बॉम्बस्फोट आणि उटोया बेटावरील युवक शिबिरातील गोळीबारात ७७ जणांचा बळी गेला. मारेकरी बाहेरचा नव्हता, नॉर्वेतच वाढलेला अतिउजवा तरुण होता.

सुरक्षेचे बदललेले गणित

या पाच देशांत नागरिकांना पारपत्राविना ये-जा आणि नोकरी करता येते. नॉर्डिक परिषद १९५२ मध्ये स्थापन झाली. मोठ्या संघटनांबाबत मात्र त्यांचे मार्ग वेगळे आहेत. डेन्मार्क १९७३ मध्ये, तर स्वीडन व फिनलंड १९९५ मध्ये युरोपीय समुदायात गेले. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत नकार दिला. युरो हे चलन केवळ फिनलंडने स्वीकारले.

डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँड १९४९ पासून 'नाटो'चे सदस्य आहेत. स्वीडनने सुमारे दोन शतके लष्करी अलिप्तता जपली, तर रशियाशी १३०० किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा असलेला फिनलंड सावध तटस्थता पाळत होता. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण करताच हे धोरण काही महिन्यांत बदलले. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये 'नाटो'त सामील झाले. दुसरीकडे, ग्रीनलंड ताब्यात घेण्याची भाषा अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये केली. ज्या मित्रावर विसंबून सुरक्षेची आखणी केली, त्याच्याकडूनच भूभागावर दावा होणे हा डेन्मार्कला मोठा धक्का होता. ग्रीनलंडच्या जनतेने मात्र आपल्या भवितव्याचा निर्णय आपणच घेऊ, असे बजावले.

नॉर्डिक देशांचा अनुभव जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. लहान लोकसंख्या, दीर्घकाळची एकजिनसी समाजरचना आणि निर्यातीवरील समृद्धी ही त्यांची खास परिस्थिती होती. तथापि, सामूहिक करार, सर्वांसाठी एकच शाळा, खुली सरकारी कागदपत्रे, पुढच्या पिढीसाठी राखलेला निधी या गोष्टी निसर्गाची देणगी नव्हत्या. त्या भांडून, मोजून-मापून आणि लिखित करारांनी मिळवलेल्या आहेत. 'लोकांचे घर' आज भिंती उंच करून टिकवायचे की दार रुंद करून, याबाबत या देशांत एकमत नाही. सामी पशुपालक, ग्रीनलंडमधील स्त्रिया आणि स्टॉकहोमच्या उपनगरांत वाढणारी स्थलांतरितांची मुले यांना त्या घरात कोणते स्थान मिळते, यावरच नॉर्डिक प्रारूपाचे पुढील मूल्यमापन होणार आहे.